टबातली कोळंबी आणि होडीतला रेडिओ

मागच्या भागात सुकवलेल्या मासळीबद्दल बोलणं झालं, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं की जिवंत चाऱ्याबद्दल कधी सांगणार? आज सांगते. आणि त्याच्याबरोबर होडीतल्या रेडिओबद्दलही. कोळंबीचा आणि रेडिओचा काय संबंध, असं वाटेल. संबंध आहे, थोडं पुढे आलात की कळेल.

मी बोलतेय ते लहान होड्यांबद्दल. अठरा-वीस फुटांची फायबरची होडी, मागे दोरी ओढून सुरू होणारं छोटं मशीन, आत दोन माणसं, फार तर तीन. ट्रॉलरवाल्यांचं जग वेगळं. त्यांच्याकडे केबिन आहे, वर काठी आहे, मोठ्या बॅटऱ्या आहेत. आपल्या होडीत पाण्याची बाटली ठेवायलाही जागा शोधावी लागते. पण गरवायला जाणारी बहुतेक माणसं अशाच होड्यांतून जातात, आणि तांबोशी, गोब्रा, चणक, कोकर असली चांगल्या भावाची मासळी गरीवर येते. जाळ्यात सापडलेल्या तांबोशीपेक्षा गरीवरची तांबोशी बाजारात वेगळी ओळखता येते. खवले जागच्या जागी असतात, अंग दाबलेलं नसतं. विकायला बसणाऱ्यांना हे सांगायला नको.

गरीला मेलेला चारा लावला तरी मासा येतो. माकुलाचा तुकडा, तारलीचा तुकडा, सगळं चालतं. पण खडपातला गोब्रा किंवा खाडीच्या तोंडावरची चणक हलत्या चाऱ्यावर जशी धावते तशी तुकड्यावर धावत नाही. म्हणून जिवंत कोळंबी. आमच्याकडे तिला सुंगटं म्हणतात, तुम्ही काही म्हणा. आणि ही सुंगटं जगवायचं काम कोण करतं? पुरुष खाडीत पाग टाकून ती आणतात खरी, पण संध्याकाळी आणलेली कोळंबी पहाटे चार वाजता जिवंत होडीत चढते ती घरच्या बाईमुळे. हे काम कुठल्याही हिशेबात धरलं जात नाही, हे आधी बोलून टाकते आणि पुढे जाते.

पहिली गोष्ट पाण्याची. कोळंबी ज्या पाण्यातून आली तेच पाणी टबात हवं. नळाचं पाणी अजिबात नको. त्यात खार नाही आणि जंतुनाशकाचा क्लोरीन असतो, तो कल्ल्यांना जाळतो. खाडीचं पाणी समुद्रापेक्षा कमी खारट असतं, पावसाच्या शेवटी तर फारच कमी. तिथली कोळंबी एकदम समुद्राच्या पाण्यात टाकली तर ती लुळी पडते. म्हणून होडीत गेल्यावर टबातलं थोडं पाणी काढायचं, थोडं समुद्राचं घालायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तसंच. घाईने बादली ओतली की अर्धा चारा गेला.

दुसरी गोष्ट गर्दीची. वीस लिटरच्या टबात, हवेचा छोटा पंप लावून, आम्ही पंचवीस-तीसच्या वर मध्यम कोळंबी ठेवत नाही. जास्त ठेवली की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि त्यांच्या घाणीचा अमोनिया वाढतो. एखादी मेली तर लगेच काढायची. एक सडली की रात्रीत बाकीच्या तिच्यामागे जातात. कात टाकलेली मऊ कोळंबीही वेगळी करा, बाकीच्या तिला कुरतडतात. वर ओलं गोणपाट टाका, कारण कोळंबी उडी मारते. सकाळी टबाच्या बाजूला वाळलेली सापडली तर मांजरावर आळ घेऊ नका.

पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात टब होडीत उघडा ठेवला तर नऊ वाजता चारा संपलाच समजा. थर्माकोलचा डबा चांगला. गारव्यासाठी बर्फ थेट पाण्यात टाकू नका, तो गोड्या पाण्याचा असतो, वितळला की खार उतरतो. बाटलीत पाणी गोठवून झाकण घट्ट लावून ती बाटली टबात सोडा. पंप नसेल तर कोळंबी ओल्या, थंड गोणपाटात गुंडाळूनही दोन-तीन तास जगते. तिचे कल्ले ओले राहिले की पुरतं. माशाचं तसं नाही.

मासा चारा म्हणून न्यायचा, म्हणजे छोटी तारली किंवा बांगडा, तर ते नाजूक काम. बांगडा तोंड उघडं ठेवून पोहत राहतो, त्यातूनच त्याच्या कल्ल्यांना पाणी मिळतं. तो थांबला की गुदमरतो. चौकोनी डब्यात कोपऱ्यात अडकतो आणि मरतो. म्हणून गोल पिंप हवं, आणि त्यात पाच-सहाच मासे. कोरड्या हाताने धरू नका, अंगावरची बुळबुळ आणि खवले गेले की तासाभरात पांढरा पडतो. असा चारा घरी रात्रभर ठेवता येत नाही, तो समुद्रावरच बारीक गऱ्यांच्या माळेने धरायचा आणि लगेच वापरायचा.

गरीला कोळंबी लावताना डोक्यावरच्या करवती काट्याच्या खालून गरी काढायची, पण आत जो काळा ठिपका दिसतो त्याला लागू द्यायची नाही. तिथे लागली की कोळंबी जागीच मरते. प्रवाह जोरात असेल तर शेपटीकडून लावतात. तारलीला वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे. हे पुरुषांना येतं, पण आपल्यालाही माहीत असावं. आता काही जणी स्वतः गरवायला जातात आणि त्यांना कुणी शिकवायला येत नाही.

आता त्या संबंधाकडे येते.

कुठला चारा घेऊन होडी गेली, यावरून ती कुठे गेली हे घरच्या बाईला कळतं. जिवंत सुंगटं नेली, तर होडी खाडीच्या तोंडावर किंवा जवळच्या खडपावर. बारीक गऱ्यांची माळ आणि रिकामं गोल पिंप नेलं, तर माणसं इसवणीच्या मागे आहेत, म्हणजे लांब. माकुलाचे तुकडे आणि जाड दोर, तर खोल पाणी, बारा-पंधरा वाव आणि पुढे. भांगाचं पाणी असेल तर प्रवाह मंद असतो आणि माणसं खडपावर जास्त वेळ बसतात. उधाणाला दोर एका जागी राहत नाही, लवकर परततात. हे सगळं आपल्याला माहीत असतं. कुणी विचारलं तर मात्र आपण म्हणतो, "मला काय माहीत, समुद्रावर गेलेत." समुद्र केवढा आहे! शोधायला निघालेल्या माणसाला "समुद्रावर" या शब्दाचा काही उपयोग नाही. "सुंगटं नेलीत, चौदा वावावरच्या खडपावर असतील" याचा मोठा उपयोग आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर आणि पुतण्या असेच चौदा वावावर गेले होते. दुपारी मशीनच्या पंख्याची पिन तुटली. जास्तीची पिन होती ती आदल्याच आठवड्यात वापरली गेली होती. नांगराचा दोर त्या खोलीला अपुरा पडला, होडी हळूहळू दक्षिणेला सरकू लागली. मोबाईलला नेटवर्क नव्हतं. हातातला व्हीएचएफ रेडिओ होता. दिरांनी बसल्या बसल्या हाक घातली, उत्तर नाही. दुसऱ्यांदा घातली, नाही. मग पुतण्या फळीवर उभा राहिला, रेडिओ डोक्याच्या वर धरला आणि हाक घातली, तेव्हा एका ट्रॉलरने ऐकलं. तो ट्रॉलर लांब होता आणि त्याचं जाळं पाण्यात होतं. त्याने किनाऱ्याजवळच्या दुसऱ्या होडीला रेडिओवर सांगितलं, त्या होडीच्या मोबाईलला नेटवर्क होतं, तिने बंदरावर फोन केला. इकडे माझ्या जाऊबाईने सकाळीच वहीत लिहून ठेवलं होतं, सुंगटं पंचवीस, खडप अमुक, परत पाचला. बंदरावरून आमच्या शेजाऱ्यांची होडी निघाली ती सरळ त्या खडपाच्या दक्षिणेला. रात्री आठ वाजता दोघे घरी जेवायला होते. शोध कसला तो लागलाच नाही, नुसतं जाऊन ओढून आणायचं होतं.

पुतण्या उभा राहिल्यावरच आवाज का पोचला, हे समजून घेण्यासारखं आहे. पुष्कळांना वाटतं रेडिओ जितका ताकदीचा तितका लांब पोचतो. व्हीएचएफच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. समुद्राला बाक आहे, तो आडवा आला की लहर डोक्यावरून निघून जाते. म्हणून उंची महत्त्वाची. हिशेब सोपा आहे. पाण्यापासून एक मीटर उंचीवर धरलेला रेडिओ सव्वादोन सागरी मैलांपर्यंत क्षितिज पाहतो. समोरच्याही होडीत तसाच असेल तर दोघांचं मिळून साडेचार मैल, म्हणजे आठेक किलोमीटर. समोर ट्रॉलर असेल आणि त्याची काठी पाण्यापासून सहा मीटर असेल तर त्याचे साडेपाच मैल आणि आपले सव्वादोन, म्हणजे पावणेआठ. आपण उभे राहून दोन मीटरवर धरला तर आणखी जवळजवळ एक मैल मिळतो. टेकडीवर शंभर मीटर उंचीवर केंद्र असेल तर त्याचं एकट्याचं क्षितिज बावीस मैलांचं. हे झालं कागदावरचं, लाटा आणि हवा त्यातून थोडं काढून घेतात. हातातला रेडिओ पाच वॅटचा असतो, होडीत बसवलेला पंचवीसचा. पण पंचवीस वॅटच्या रेडिओची काठी होडीच्या तळाशी आडवी ठेवलीत तर तो उभ्या माणसाच्या हातातल्या पाच वॅटच्या रेडिओपुढे हरेल.

"मोबाईल आसा मा! रेडिओ कित्याक व्हयो?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. उत्तर असं की मोबाईल एका माणसाला लागतो, तेही टॉवर दिसत असेल तर. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर गेलं की तो भरवशाचा राहत नाही. रेडिओवरची हाक त्या टापूत जो कोणी ऐकत असेल त्या सगळ्यांना एकदम जाते, नंबर माहीत नसला तरी. मात्र मोबाईल घरी ठेवा असं मी म्हणत नाही. नेटवर्क गेलं तरी फोनमधलं जीपीएस चालू राहतं, ते उपग्रहावरून जागा काढतं. फोनवर अक्षांश-रेखांश वाचायचे आणि रेडिओवर सांगायचे. फोन प्लॅस्टिकच्या पाणबंद पिशवीत, गळ्यात.

व्हीएचएफवर १६ नंबरची वाहिनी संकटाची आणि हाक मारण्याची. जगभर तीच. तटरक्षक दल ऐकतं, मोठी जहाजं ऐकतात. तिच्यावर "आज काय मिळालं रे?" अशा गप्पा मारायच्या नाहीत. हाक मारायची, उत्तर आलं की ७२ सारख्या होडी-ते-होडी वाहिनीवर जायचं. जीवावरचं संकट असेल तर तीनदा "मेडे", मग होडीचं नाव तीनदा, मग जागा, काय झालंय, किती माणसं. समजा, "१६ अंश २ मिनिटं उत्तर, ७३ अंश २० मिनिटं पूर्व, मशीन बंद, होडीत पाणी, माणसं दोन." तेवढं बोलून बटण सोडायचं. बटण दाबून ठेवलं तर समोरचा बोलू शकत नाही, हे घाबरलेली माणसं हमखास विसरतात. जीवावरचं नसेल, नुसतं मशीन बंद पडलं असेल, तर "पॅन पॅन" असे शब्द तीनदा. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसू नये. हे तीन-चार शब्द पाठ असले की बाकी मराठीत बोला, आपल्या समुद्रावर समजणारे पुष्कळ आहेत. जागेचे आकडे मात्र हिंदी-इंग्रजीतही सांगता यावेत.

बाजारात आणि मोबाईलवरच्या दुकानांत स्वस्त वॉकीटॉकी मिळतात. दुरून सारखेच दिसतात. ते समुद्राचे नव्हेत. पावसाच्या सरीत बंद पडतात आणि होडीसाठी त्यांचा परवानाही मिळत नाही. समुद्राचा म्हणून विकला जाणारा, पाण्यात पडला तर तरंगणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल असा लिहिलेला, तोच घ्या. व्हीएचएफला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो, कागद कुठले ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे विचारा. आणि परवाना होडीचा असतो, घराचा नाही. म्हणजे आपण ओसरीवर बसून रेडिओवर "जेवायला या" असं सांगायचं नाही. मला स्वतःला हे आवडत नाही, पण नियम तसा आहे आणि त्याला कारणही आहे. सगळी घरं बोलू लागली तर संकटातल्या होडीचा आवाज कोणाला ऐकू येणार?

रेडिओ जिवंत ठेवणं हेही चाऱ्यासारखंच घरचं काम आहे. होडी आली की तो गोड्या पाण्याने हलकेच धुवायचा, पुसायचा, चार्जिंगच्या टोकावरचा खार काढायचा, रात्री चार्जिंगला लावायचा. ज्या बोर्डावर टबाचा पंप चालतो त्याच बोर्डावर. पहाटे दोन्ही एकदम काढायचे, म्हणजे एक विसरत नाही. आमच्याकडे टबाच्या कडीलाच रेडिओ अडकवतात. चारा सोडून कोणी जात नाही, त्यामुळे रेडिओही राहत नाही.

होडीत बॅटरी असेल तर एक धोका लक्षात ठेवा. पुष्कळ ठिकाणी बारा व्होल्टची सात अँपिअर-तासांची छोटी बॅटरी असते. हवेचा पंप अर्धा अँपिअर खातो. कागदावर चौदा तास चालेल, पण असली बॅटरी अर्धी उतरली की तिच्यावर भरवसा ठेवू नये, म्हणजे सात तास. पहाटे चारला लावलेला पंप अकरापर्यंत तिचं काम संपवतो. त्याच बॅटरीवर पंचवीस वॅटचा रेडिओ असेल तर तो ऐकताना थोडंच खातो, पण बोलताना पाच-सहा अँपिअर ओढतो. दमलेल्या बॅटरीवर बटण दाबलं की दिवा मिणमिणतो आणि रेडिओ बंद. ऐकू येत होतं म्हणून माणूस निर्धास्त असतो, बोलायला गेल्यावर कळतं. छोट्या मशीनला बॅटरी भरायची सोय बहुधा नसतेच. म्हणून पंपाला वेगळी बॅटरी, रेडिओला वेगळी. दोन परवडत नसतील तर चारा मेला तरी चालेल, पंप बंद करा. पुरुषांना हे दुपारी सुचत नाही, मासा लागत असतो. सकाळी निघताना सांगून ठेवा.

वाऱ्या-वादळाचं वेगळं बोलायला हवं, कारण तिथे लहान रेडिओची हद्द संपते. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ते आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांत अजून आठवतं ते तुम्हाला माहीत आहे. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ केरळ-तमिळनाडूच्या दक्षिणेला उठलं. तिथल्या पुष्कळ होड्या आठवड्याआधी निघालेल्या होत्या, किनाऱ्यापासून इतक्या लांब की मोबाईल नाही, व्हीएचएफ नाही. इशारा किनाऱ्यावर पोचला, तोही उशिरा, त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. शेकडो माणसं गेली. डिसेंबरच्या पहिल्या दिवसांत त्यातल्या अडुसष्ट होड्या आणि साडेनऊशे माणसं भरकटत, निभावत आपल्या देवगडच्या आसऱ्याला आली. भाषा कळत नव्हती, तरी देवगडकरांनी जेवू घातलं. त्यांच्या घरच्या बाया मात्र तिकडे किनाऱ्यावर बसून होत्या, आपलं माणूस महाराष्ट्रात जेवतंय हे ठाऊक नसताना.

लांब जाणाऱ्या होडीला म्हणून उपग्रहाचं यंत्र हवं. इस्रोने बनवलेलं संकटाची सूचना देणारं यंत्र, ज्याला आपल्याकडे डॅट म्हणतात, २०१० पासून वापरात आहे. बटण दाबलं की होडीची ओळख आणि जागा उपग्रहावरून जाते आणि तटरक्षक दलाला कळवली जाते. जुन्या यंत्रात एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला निरोप पोचला की नाही हे कळत नसे, माणूस अंधारात वाट पाहत राही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या नव्या पिढीच्या यंत्रात किनाऱ्यावरून उलट निरोप येतो आणि तो मोबाईलवर आपल्या भाषेत वाचता येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला केंद्राच्या एक लाख होड्यांच्या ट्रान्सपाँडर योजनेची सुरुवात झाली, तेही उपग्रहावरूनच बोलतं. आपल्या होडीला ते मिळेल का, हे मच्छीमार सोसायटीत जाऊन विचारा, आणि विचारायला दोघीतिघी मिळून जा. एकटी गेली की "घरधन्याला पाठव" म्हणतात.

जवळच गरवायला जाणाऱ्यांसाठी सर्वात स्वस्त रेडिओ म्हणजे साधा ट्रान्झिस्टर. आकाशवाणीवर मच्छीमारांसाठीचा इशारा लागतो तो ऐका. तमिळनाडूत रामेश्वरमजवळ पांबनला २०१६ पासून कडल ओसै नावाचं सामुदायिक केंद्र आहे, मच्छीमारांनीच चालवलेलं, हवा आणि लाटा सांगतं. नावाचा अर्थ समुद्राचा आवाज. आपलं हे केंद्रही सकाळी हवेचा अंदाज सांगतं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला तर चारा कितीही ताजा असो, टब घरीच. पंचवीस सुंगटांचं कालवण करा. चारा फुकट जाईल म्हणून माणसं निघतात, हे खरं आहे. आदल्या रात्री हवा ऐकली तर पागच टाकायला जाऊ नये.

आता वहीचं. महागडी काही नको, मुलांची जुनी वही चालेल. होडी निघताना चार ओळी: तारीख आणि वेळ, माणसं कोण, चारा कुठला आणि जागा कुठली, परत कधी. वहीच्या पहिल्या पानावर कायमची माहिती: होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, रंग आतून-बाहेरून, मशीन केवढं, रेडिओ आहे की नाही, जीवरक्षक जॅकेटं किती, कुणाला साखरेची किंवा दाबाची गोळी लागते का. त्याच पानावर मोठ्या अक्षरांत दोन नंबर. तटरक्षक दल १५५४. सागरी पोलीस १०९३. दोन्ही फुकट लागतात.

आणि वेळ ठरवून ठेवा. आमच्या घरी असं ठरलंय की परतीच्या वेळेनंतर एक तास वाट पाहायची, मग सोसायटीला आणि शेजारच्या होड्यांना विचारायचं, दुसरा तास संपला की १५५४. सकाळपर्यंत थांबायचं नाही. बाया इथे अडतात, मी पाहिलंय. फोन हातात असतो आणि मनात येतं, उगाच बोभाटा होईल, तासाभरात येतील, मग चार माणसं हसतील, नवरा रागावेल. हसू देत. अंधार पडल्यावर वाहून जाणारी होडी तासाला दोन-तीन किलोमीटर सरकू शकते. सकाळपर्यंत ती पंचवीस किलोमीटरवर असेल आणि शोधायचं पाणी कित्येक पटीने वाढलेलं असेल. होडी आली आणि फोन करून झाला असेल, तर पुन्हा फोन करून "आली" म्हणून सांगा. ते रागावत नाहीत.

पैशाबद्दल थोडं बोलते, कारण शेवटी गाडी तिथेच अडते. जाळं घ्यायचं तर कर्ज निघतं, मशीन दुरुस्तीला पैसे निघतात, रेडिओची गोष्ट निघाली की "पुढच्या हंगामात". हातातला चांगला रेडिओ नव्या जाळ्यापेक्षा स्वस्त पडतो. आमच्या बचत गटात आम्ही असं केलं की चाऱ्याचे पैसे वेगळे धरले. दुसऱ्या होड्यांना जिवंत सुंगटं विकतो, नगावर, त्याचा डबा वेगळा. दीड हंगामात एक रेडिओ निघाला, नंतर दुसरा. चाऱ्याच्या डब्यातून घेतलेला म्हणून तो कुणाचा, यावर घरात वाद झाला नाही. चार्जिंगला मी लावते, वापरतात ते.

येत्या रविवारी संध्याकाळी चार वाजता जेटीवर आम्ही रेडिओ तपासणार आहोत. दोन होड्या बाहेर जातील, एक जवळ आणि एक खडपापर्यंत, आणि बसून, उभं राहून, काठी लावून, आवाज कुठवर पोचतो ते बघायचं. १६ वर नाही, ७२ वर. ज्यांच्याकडे रेडिओ आहे त्यांनी पूर्ण चार्ज करून, चार्जरसकट आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी वही घेऊन या. येताना सुंगटं हवी असतील तर शनिवारपर्यंत सांगून ठेवा. भाव तोच आहे, मेलेली बदलून मिळणार नाहीत.